आणणाऱ्याचा घास

प्रिय नंदिनी,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी हसशील. "काय गं तनू, रिचार्ज संपला का?" असंही म्हणशील. संपलेला नाही. पण हल्ली तुझा फोन तुझ्याआधी इंद्रजीतच उचलतो. परवा मी तुला पाठवलेल्या निरोपावर 'ओके डिअर' असं उत्तर आलं. इतक्या वर्षांत तू मला येडे म्हणालीस, म्हातारे म्हणालीस, डिअर कधीच म्हणाली नाहीस. म्हणून शर्यतीचा तुझा टी-शर्ट, जो ऑगस्टपासून माझ्याकडेच राहिलाय, त्याच्या घडीत हे पत्र घालून मी तुझ्या हातात देणार आहे. घरी जाऊन, एकटी असशील तेव्हा वाच. वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस. निदान लगेच तरी नको.

आधीच सांगून ठेवते की माझ्याकडे पुरावा नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत जाते. नोकरीही तशीच मिळाली. दुसऱ्याने केलेल्या कामावर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढच्या महिन्यात इंद्रजीतशी तुझं लग्न असताना मी तुला हे लिहावं की नाही, याचा विचार मी तीन महिने करतेय, आणि सगळ्यात आधी संशय मी माझ्यावरच घेतला. इंद्रजीत आल्यापासून तू सकाळी टेकडीवर माझ्याबरोबर पळायला यायचीस ते बंद झालं. मला वाईट वाटलं होतं. खूप वाटलं होतं. तेव्हा हा सगळा माझा मत्सरच असेल का? असेलही थोडा. तो मी बाजूला काढून ठेवला आणि पुन्हा नीट बघितलं. तरी जे उरलं ते लिहितेय.

त्याआधी आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी, कारण त्या दिवशी तू ती ऐकलीस पण हसण्यावारी नेलीस. आपल्या कंपनीच्या बसगाड्या जिथे उभ्या राहतात ना, त्याच्या मागच्या बाजूला पूर्वी आमचा बांध होता आणि बांधावर वारुळं. पावसाळ्यात चार दिवस झड लागून उघडीप पडली, की वारुळांवर अळंबी यायची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, पहाटे जाऊन डोक्याच्या टॉवेलात बांधून ती आणायचे. आई भाजी करायची. आणि मग आमच्या घरचा नियम असा होता की ज्याने अळंबी आणली त्याने आधी खायची, सगळ्यांच्या देखत. बाकीच्यांनी दिवस मावळेपर्यंत भांड्याला हातसुद्धा लावायचा नाही. दादा दुपारी एकटेच भाकरीबरोबर खायचे आणि मग ओट्यावर दोर वळत बसायचे. आम्ही भावंडं समोर बसून त्यांचं तोंड बघत राहायचो. "दादा, पोटात दुखतंय का?" "दुखतंय की. भूक लागलीया. आईला म्हणावं अजून वाढ." एकदा त्यांनी डोळे पांढरे करून सरळ आडवं पडण्याचं सोंग केलं. आई हातातल्या उलथन्यासकट धावत आली, आणि ते हसतायत हे बघून त्याच उलथन्याने तिने त्यांना हाणलं. मग आत जाऊन रडली. दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. सातवीत असताना मी मोठ्या तोऱ्यात दादांना सांगितलं होतं, "बाईंनी सांगितलंय, रानातली अळंबी खायची नसते. विषारी असते." दादा म्हणाले, "बाई बरोबर सांगत्यात. तू नको खाऊ. मी खाल्ल्यावर खा." तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं. विष असलं तर माणूस जाईल, यात कसली आली परीक्षा? आमच्याकडे ना पुस्तक होतं ना डॉक्टर. होता तो एवढाच उपाय होता, आणि तो करायची पाळी कोणावर हे ठरलेलं होतं. त्यावर कधी चर्चा झालेली मला आठवत नाही.

आता तो शनिवार. मी तो इतक्या वेळा मनात घोळवलाय की आता त्याची भीती वाटते, आपणच त्यात काही भर घातली नाही ना. म्हणून जे तूही बघितलंस तेवढंच आधी सांगते. चांदणी चौकातून आपण निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मागच्या सीटवर तू, मी आणि तुझी ती बुटांची पिशवी, पुढे आपल्या बसमधला तन्वीर, आणि गाडी इंद्रजीत चालवत होता. रविवारच्या त्या डोंगरातल्या शर्यतीसाठी तू उन्हाळाभर घाम गाळला होतास. बायकांमध्ये पहिल्या तिनात यायचं असं तू मला एकटीलाच सांगितलं होतंस आणि "कुणाला बोललीस तर मारीन" अशी धमकीही दिली होतीस. पौडच्या पुढे आपण मिसळ खायला थांबलो. तू साधे पोहे घेतलेस, उद्या पळायचंय म्हणून. इंद्रजीतने मिसळीच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि वर तर्री मागून घेतली. तन्वीर त्याला म्हणालासुद्धा, "भाई, उद्या तू पळणार नाहीस, तुला पळवावं लागेल." हे लक्षात ठेव. मी ठेवलंय.

उतरायच्या घरी पोचल्यावर इंद्रजीत आणि तन्वीर शर्यतीचा रस्ता बघून येतो म्हणून गेले आणि परत आले ते टोपीभर अळंबी घेऊन. वर्षभरापासून इंद्रजीतला या गोष्टीचा नाद आहेच. फोनमधल्या त्या ॲपला फोटो दाखवायचा, व्हिडिओ करायचे, सगळ्यांना पाठवायचे. त्याने टोपी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "काय तनुजा, गावाकडची तज्ज्ञ तू. कर बघू पास." मी विचारलं, वारुळावरची आहेत का? तो म्हणाला, "हो, हो, वारुळावरचीच." मग मी विचारलं, मुळं कुठायत? वारुळावरच्या अळंबीला लांबच लांब मूळ असतं, आत खोलवर गेलेलं. आमच्याकडे ती हाताने हळूहळू ओढून काढतात, म्हणजे मूळ सगळं वर येतं. ही मात्र जमिनीलगत चाकूने कापलेली होती. "मुळासकट उपटायची नसतात. पर्यावरण नावाची एक गोष्ट असते," असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, मग मला ओळखता येणार नाहीत. तन्वीर म्हणाला, "ही टेस्टर आहे यार. हिच्याकडून आजपर्यंत काही पास झालंय का?" सगळे हसलो. मीही हसले. मला खरंच ओळखता येत नव्हतं. लहानपणी खाल्लेल्या भाजीचं ज्ञान ते केवढं असणार!

त्याने ती लसूण आणि लोणी घालून परतली. वास छान सुटला होता, ते मी नाकारत नाही. तुझ्या ताटात सगळ्यात मोठा डाव वाढून, फोन तुझ्यासमोर धरून तो म्हणाला, "पहिला घास आमच्या चॅम्पियनला." तेव्हा मी दारात उभी राहून बोलले होते. मोठ्याने बोलले होते, तुला आठवत असेल. आमच्यात आणणारा आधी खातो, असं म्हटलं. त्यावर तू काय म्हणालीस? "आमच्यात बायकोला आधी वाढतात. बघ किती प्रगती आहे!" इतक्या आनंदाने म्हणालीस की मी विषय सोडला. शनिवारी अळंबी खात नाही असं निमित्त करून मी वरणभात घेतला. तन्वीरने दोन तुकडे खाल्ले आणि "रबर आहे" म्हणून बाजूला सारले. आणि इंद्रजीत म्हणाला, "मी शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटाला नवीन काही देत नाही."

शर्यत तुझीही होती, नंदिनी.

पुढचं तुला आठवत असेल तेवढं असेल. चार वाजायच्या आत तू दोन्ही हातांनी पोट धरून बसली होतीस. तन्वीरला एकदा उलटी झाली आणि तो सावरला. तुझं थांबेचना. तालुक्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत गाडीत बादली मी धरली होती आणि तुझा चेहरा असा झाला होता की मी तो आईलाही सांगितलेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत त्यातलं काही शिल्लक आहे का? कच्चं असेल तर उत्तम." आम्हाला वाटलं, कुठलं आता शिल्लक असायला! तर इंद्रजीत गाडीकडे गेला आणि दाराच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक अख्खी अळंबी घेऊन आला. डॉक्टर त्याला म्हणाले, "आपण शहाणे आहात. एवढं भान कोणाला राहत नाही." नंतर तूही सगळ्यांना हेच सांगितलंस की इंद्रजीतचं डोकं बघा कसं चालतं. मी त्या कागदाजवळच उभी होते. सकाळी अळंबीच्या छत्रीखालचे पापुद्रे पांढरे दिसत होते, आता त्यांच्यावर हिरवट झाक आली होती. डॉक्टरांनी फोटो काढून कोणा जाणकाराला पाठवला आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाले की ही जात पोट पार धुऊन काढते, पण यकृताला हात लावत नाही. दुसरी एक जात असती तर, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सलाईनचा वेग बघायला वळले.

मी तेव्हापासून त्या वर्तमानपत्राचाच विचार करतेय. ती एक अळंबी त्याने परतण्याआधी बाजूला काढली होती. ज्याला खात्री असते तो सगळी शिजवतो. बाजूला काढून ठेवतो तो कशासाठी? मग मी अळंब्यांबद्दल वाचायला बसले. तर सापडलं की सावध माणसं नेहमीच एक बाजूला ठेवतात, ती चांगली सवय असते. ठीक आहे. ती शंका मी सोडून दिली. मिसळीचीही सोडली, कारण मिसळ त्याच्या पोटाला नवीन नाही. अशी एकेक शंका मी त्याच्या बाजूने सोडवत गेले, तुझ्यासाठी. रविवारी पहाटे तुला सलाईन लावलेलं असताना तो पळायला गेला, तेही सोडून दिलं. तूच त्याला "जा, दोघांचं वाया नको जायला" म्हणालीस. दुपारी येऊन त्याने तुझ्या सुई टोचलेल्या हातात त्याचं पदक ठेवलं आणि फोटो काढला. सगळ्यांनी त्याखाली बदाम टाकले. तुला तेव्हा झोप लागली होती. फोटोत तुझे डोळे मिटलेले आहेत ते त्यामुळे. लोकांना वाटलं, भारावून मिटलेत.

सप्टेंबरमध्ये एकदा बसमध्ये तन्वीर शेजारी बसला होता. त्याची अम्मी त्याला अजून त्या दोन तुकड्यांवरून कशी बोलते ते सांगत होता. "कुत्रंसुद्धा वास घेऊन खातं," असं म्हणतात त्या. मी सहज म्हटलं, वारुळावर एवढी मोठी अळंबी मी कधी बघितली नव्हती. तो म्हणाला, "वारूळ? कसलं वारूळ? गवतात होती. गोठ्याच्या मागे, गोल रिंगण करून. इंद्रजीत म्हणाला, रिंगणातली लकी असतात." हिंजवडीपर्यंत ट्रॅफिक होतं, त्यामुळे यावर विचार करायला भरपूर वेळ मिळाला. म्हणजे मी विचारलं तेव्हा तो मला खोटं बोलला होता. पण तेही मी सोडवायचा प्रयत्न केला बघ. कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाला वारूळ काय आणि मातीचा ढीग काय, सारखंच असेल. किंवा माझ्या प्रश्नांचा कंटाळा आला असेल. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. तुझ्या साखरपुड्यात मी नाचले. खरंच नाचले, तुला बरं वाटावं म्हणून नव्हे. मला वाटलं, संपलं हे.

पण गेल्या बुधवारी कॅन्टीनमध्ये तो श्रद्धाशी बोलत होता. नवी मुलगी आहे आमच्या टीममध्ये, तिलाही या अळंब्यांचं वेड लागलंय. मी ताट घेऊन त्यांच्या मागेच उभी होते, माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो तिला अगदी मन लावून शिकवत होता. फोटो कसा काढायचा, वास कसा घ्यायचा. आणि मग म्हणाला, "एक नियम पक्का लक्षात ठेव. दोघांनी एकदम खायचं नाही. एकाने गाडी चालवायला ठणठणीत राहायचं."

अगदी साध्या आवाजात म्हणाला. गाडीचा पट्टा लाव म्हणावं तसा. माझ्या हातातलं ताट मी तिथेच टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मग आधी कोणी खायचं हे कसं ठरवायचं?" तो वळला. क्षणभर त्याला कळलं नाही मी काय विचारतेय. मग कळलं. ते कळताना मी त्याचा चेहरा बघितला, नंदिनी, आणि मी जे काही म्हणतेय ते तेवढ्याच्या जोरावर म्हणतेय. तो दचकला नाही, लाजला नाही. हसला आणि म्हणाला, "ज्याला जास्त भूक लागलीय त्याने!" श्रद्धाही हसली. मग माझ्या खांद्यावर थोपटून, "तनुजा, तू अजून ऑगस्टमध्येच आहेस," असं म्हणून तो निघून गेला.

त्याने तुला मुद्दाम विष घातलं असं मी म्हणत नाही. माझा तसा संशयही नाही. तो तुझ्यावर प्रेम करतो, हे तो सांगतो तेव्हा मला खरंच वाटतं. माझं म्हणणं त्याहून लहान आहे आणि मला ते जास्त भयंकर वाटतं. त्याला खात्री नव्हती. खात्री नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने एक बाजूला काढून ठेवली, वारुळाचं खोटं सांगितलं, स्वतः ठणठणीत राहिला, आणि तुला वाढलं. माझ्या चार बुकं न शिकलेल्या बापाला जे न सांगता कळत होतं, ते याला सांगूनही कळलं नाही, असं लिहिणार होते. पण तेही खरं नाही. मी दारात उभी राहून सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं, समजून घेतलं आणि मग ठरवलं. तू म्हणशील, एका जेवणावरून माणूस कळतो का? मला माहीत नाही. तुमच्या घरात लहान मुलं येतील. कोणाला ताप येईल, कुठे आग लागेल, कधी कसली तरी खात्री नसेल. तेव्हा कोणाला पुढे करायचं हे त्या घरात कोण ठरवणार, एवढंच मला सतावतंय.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. येत्या रविवारी आईने तुझं केळवण करायचं ठरवलंय. पुरणाची डाळ आणली, तुझ्यासाठी हिरवी साडी आणली, ब्लाउजचं कापड वेगळं घेतलं कारण "नंदिनीचे दंड पळून पळून बारीक झाल्यात." काल रात्री भांडी घासता घासता तिने विचारलं, "जोडीनं बोलावतीस का एकलीला?" केळवणाला जोडीने बोलावतात हे मलाही कळतं, तरी मी विसळलेलंच भांडं पुन्हा विसळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तिलाच विचार मग." म्हणून विचारतेय. तू त्याला घेऊन आलीस तर मी दोन पाट मांडीन, दोघांना ओवाळीन, आणि या पत्रातलं एक अक्षरही पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही, तुझ्या लग्नातही नाही, त्यानंतरही नाही. हा शब्द मी पाळीन, मला ओळखतेस. पण एकटी येणार असलीस तर येताना बॅगेत चार कपडे टाकून आण. माझ्या खोलीत दुसरी गादी आहे. किती दिवसांसाठी आणि का, ते आई विचारणार नाही.

तुझीच,
तनुजा